पस्तीस दिवसांचा सांधा : राष्ट्रपतींच्या कार्यकाळाची कालरेषा वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात पुस्तकांच्या खरेदीसाठी पुण्याला गेले होते, तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात भारताच्या राष्ट्रपतींच्या कार्यकाळाची घडीची कालरेषा हाती लागली. किंमत २२० रुपये. घड्या उलगडल्या की १६० सेंटिमीटर लांब आणि वीतभर रुंद असा हा कागद होतो आणि १९५० ते २०३० ही ८० वर्षे त्यावर एका वर्षाला दोन सेंटिमीटर या एकाच मापाने आखलेली दिसतात. वरच्या पट्टीत राष्ट्रपती, मधल्या पट्टीत पंतप्रधान आणि खालची पट्टी कोरी. मी पाटण खोऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. वर्षभर ही कालरेषा मी नववी-दहावीच्या वर्गांत वापरली आणि राज्यसेवेचा अभ्यास करणारा माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे आला की तोही ती घेऊन बसत असे. तिचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा दोष एकाच जागी, १९६९ सालापाशी आहे असे मला वर्षभराच्या वापरानंतर वाटते, म्हणून त्या जागेबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे.

आमच्या वर्गात याआधी होता तो तक्ता बहुतेक शाळांच्या भिंतींवर असतो तसाच होता. एकसारख्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक छायाचित्र, खाली नाव आणि त्याखाली कार्यकाळाची दोन वर्षे. अशा तक्त्यावरून मुले नावे पाढ्यांसारखी पाठ करतात आणि डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्यापासून द्रौपदी मुर्मू यांच्यापर्यंत न अडखळता म्हणूनही दाखवतात. मात्र बांगलादेश मुक्तीच्या युद्धाच्या वेळी राष्ट्रपती कोण होते, असे विचारले की त्यांना पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि तरीही उत्तर हाती लागेलच असे नसते. यात मुलांना दोष देता येत नाही. चौकटी सारख्या मापाच्या असल्या की कार्यकाळही सारखेच असणार, असे डोळा आपोआप धरून चालतो. डॉ. राजेंद्र प्रसाद १२ वर्षांहून अधिक काळ राष्ट्रपती होते, तर डॉ. झाकिर हुसेन यांची दोन वर्षेही पूर्ण झाली नाहीत, दहा दिवस कमी पडले; ही गोष्ट त्या तक्त्यात आकड्यांच्या रूपाने असते खरी, पण ती शोधून, वजाबाकी करून काढावी लागते.

या कालरेषेत ती पाहताक्षणी दिसते. पहिल्या दिवशी मी काही न सांगता बाकांची एक रांग जोडली, त्यावर कागद पसरला आणि मुलांना कंपासपेटीतली पट्टी घेऊन प्रत्येक तुकडा मोजायला सांगितला. पाच वर्षांचा पूर्ण कार्यकाळ म्हणजे दहा सेंटिमीटर. मुलांनी उजवीकडून, म्हणजे अलीकडच्या काळापासून मोजायला सुरुवात केली. रामनाथ कोविंद दहा सेंटिमीटर, प्रणव मुखर्जी दहा, प्रतिभाताई पाटील दहा, डॉ. कलाम दहा, आणि असे करत नीलम संजीव रेड्डी यांच्यापर्यंत सगळे दहा-दहाच भरले. मुलांना कंटाळा यायला लागला होता, इतक्यात पट्टी अडखळली. नऊ मिलिमीटरचा एक तुकडा, मग पाच सेंटिमीटरना जरासा कमी, मग पुन्हा दहाचा, मग दोन अगदी बारीक तुकडे, मग चार सेंटिमीटरही पुरे न भरणारा, मग दहाचा आणि शेवटी साडेचोवीस सेंटिमीटरचा एक सलग पट्टा. "बाई, हे छापताना चुकलंय का?" असे एका मुलीने विचारले. तिच्या त्या एका प्रश्नावर मी पुढचे चार तास घेतले, आणि राष्ट्रपतिपदासंबंधीचे जवळजवळ सगळे अनुच्छेद त्या चार तासांत ओघाने येऊन गेले.

ते दोन बारीक तुकडे म्हणजे १९६९चा उन्हाळा आणि पावसाळा. त्या वर्षी ३ मे रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. असा प्रसंग प्रजासत्ताकावर प्रथमच आला होता. राज्यघटनेच्या ६५व्या अनुच्छेदानुसार उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती म्हणून काम पाहू लागले. कालरेषेवरचा हा तुकडा चार मिलिमीटरांहून किंचित मोठा, म्हणजे ७८ दिवसांचा आहे. १९ जुलैला १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला तो कार्यवाहक राष्ट्रपती या नात्याने गिरी यांच्याच सहीने, आणि पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र ही त्या १४ बँकांपैकी एक. दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, आणि देशाला राष्ट्रपतीही नाहीत व उपराष्ट्रपतीही नाहीत अशी स्थिती आली. अशा वेळी सरन्यायाधीशांनी ही जबाबदारी सांभाळावी, अशी तरतूद संसदेने त्याच वर्षी कायदा करून ठेवली होती. त्यानुसार सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत, म्हणजे ३५ दिवस राष्ट्रपती म्हणून काम पाहत होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले होते आणि पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तीही झाले होते, हे मी मुलांना आवर्जून सांगते. एरवी त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

माणूस चंद्रावर उतरला ती रात्र २० जुलैचीच. त्यानंतर ३१ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, तेव्हा राष्ट्रपती म्हणून त्यांचे स्वागत करण्याची वेळ हिदायतुल्ला यांच्यावर आली. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. गिरी, संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते, असे तीन प्रमुख उमेदवार तिच्यात होते. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाही निवडून येण्यासाठी लागणारा कोटा गाठता आला नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतमूल्याने रेड्डी यांच्यापुढे जाऊन निवडून आले. राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीवर लागला तो आजवर तेवढा एकदाच. एवढे सगळे ज्या ३५ दिवसांत घडले त्यांची या कालरेषेवरची रुंदी आहे दोन मिलिमीटर, पेन्सिलीच्या जाड रेघेएवढी.

ती रेघ छापणाऱ्यांनी गाळली नाही, याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. चौकटींच्या तक्त्यात हिदायतुल्ला एक तर नसतात किंवा सगळ्यात खाली बारीक अक्षरांच्या टीपेत असतात. एकाच मापाने आखायचे ठरवले की मात्र ३५ दिवसांनाही त्यांची जागा द्यावीच लागते, आणि येथे ती प्रामाणिकपणे दिली आहे. दुर्दैवाने रंगांच्या निवडीने त्या प्रामाणिकपणावर पाणी पडले आहे. या कालरेषेत प्रत्येक व्यक्तीला एक रंग दिला आहे. गिरी यांना हिरवा, म्हणून त्यांचे कार्यवाहक म्हणून असलेले ७८ दिवसही हिरवे आणि निवडून आल्यानंतरची पाच वर्षेही त्याच हिरव्या रंगात. हिदायतुल्ला यांना फिकट पिवळा रंग मिळाला आहे, जो कागदाच्या मूळ रंगापासून वेगळा ओळखायला कागद हातात घ्यावा लागतो. तिसऱ्या बाकावरून पाहिले तर दोन हिरव्या तुकड्यांमधली ती पिवळी रेघ दिसतच नाही आणि गिरी मे १९६९पासून ऑगस्ट १९७४पर्यंत सलग राष्ट्रपती होते असे वाटते. पहिल्या घटक चाचणीत माझ्या वर्गातल्या सात मुलांनी त्यांचा कार्यकाळ पाच वर्षे तीन महिने असा लिहिला. मुलांनी पाठ केले होते ते त्यांच्या डोळ्यांनी पाहिले तेच. चुकीचे चित्र मी त्यांच्यापुढे ठेवले होते, म्हणून ते गुण मी कापले नाहीत आणि तो धडा पुन्हा घेतला.

माझ्या मते येथे रंग व्यक्तीला न देता अधिकाराला द्यायला हवा होता. निवडून आलेल्या राष्ट्रपतींचा तुकडा भरीव रंगाचा आणि कार्यवाहक राष्ट्रपतींचा तुकडा तिरप्या रेघांचा, एवढे केले असते तरी पुरले असते. मी तेच काळ्या स्केचपेनने करून घेतले. गिरी यांच्या पहिल्या तुकड्यावर, हिदायतुल्ला यांच्या रेघेवर आणि १९७७मधल्या बी. डी. जत्ती यांच्या तुकड्यावर तिरप्या रेघा ओढल्या, तेव्हा त्याच कागदावरून मुले तीन कार्यवाहक राष्ट्रपती बोट ठेवून दाखवू लागली, आणि कार्यवाहकही व पुढे निर्वाचितही असे एकटे गिरीच आहेत, हे त्यांनी माझ्या आधी ओळखले.

जत्ती यांचा तुकडा नऊ मिलिमीटरचा, १६४ दिवसांचा आहे. फखरुद्दीन अली अहमद यांचे ११ फेब्रुवारी १९७७ रोजी निधन झाले आणि उपराष्ट्रपती जत्ती २५ जुलैपर्यंत राष्ट्रपती म्हणून काम पाहत होते. आणीबाणी म्हटले की विद्यार्थी अहमद यांचे नाव घेतात, आणि २५ जून १९७५च्या घोषणेवर त्यांचीच सही होती हे बरोबरही आहे. पण आणीबाणी उठली २१ मार्च १९७७ला, आणि मोरारजी देसाई यांना पंतप्रधानपदाची शपथ मिळाली २४ मार्चला. कालरेषेवर या दोन्ही तारखांच्या वर अहमद यांचा रंग संपलेला असतो आणि जत्ती यांचा सुरू असतो. ते पाहिल्यावर कोणाला काही सांगावे लागत नाही. जत्ती जमखंडीचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले. मोरारजीभाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना जत्ती त्यांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री होते, आणि पंचवीसएक वर्षांनी त्याच मोरारजीभाईंना पंतप्रधानपदाची शपथ देण्याचे काम त्यांच्याकडे आले. नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित करण्याच्या घोषणेवर सही करण्याआधी ते काही काळ थांबले होते, ही गोष्टही याच नऊ मिलिमीटरांतली.

हे सांधे समजले की तारखा पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप जागेवर बसतात. १९५२पासून १९६७पर्यंत राष्ट्रपतींचा शपथविधी १३ मे रोजी होत असे. झाकिर हुसेन यांच्या निधनाने ती तारीख सुटली आणि २४ ऑगस्ट आली. अहमद यांच्या निधनाने तीही सुटली आणि २५ जुलै आली, जी आजतागायत टिकून आहे. असे का व्हावे, याचे उत्तर ६२व्या अनुच्छेदात आहे: राष्ट्रपतींचे पद मुदतीआधी रिकामे झाले तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायची, आणि निवडून येणाऱ्या व्यक्तीला उरलेला काळ न देता पदग्रहणाच्या दिवसापासून पुरी पाच वर्षे द्यायची. अमेरिकेत याच्या उलट आहे. तेथे २२ नोव्हेंबर १९६३ला केनेडी यांची हत्या झाल्यावर उपाध्यक्ष जॉन्सन स्वतःच अध्यक्ष झाले, पण त्यांनी केनेडी यांची उरलेली मुदत पुरी केली आणि नवी मुदत ठरल्याप्रमाणे २० जानेवारी १९६५लाच सुरू झाली. तिकडच्या कालरेषेत माणसे मध्येच बदलतात, पण चार-चार वर्षांच्या खुणा जागच्या हलत नाहीत. आपल्याकडे दोनदा त्या खुणाच हलल्या. दहावीच्या मुलांना ही तुलना फार आवडली आणि फळ्यावर दोन्ही कालरेषा एकाखाली एक काढून पाहायचा हट्ट त्यांनीच धरला.

२५ जुलैची गाठ बसल्यावर पुढचे काम फारच सोपे होते. १९७७नंतरच्या काळात वर्षाचा शेवटचा आकडा २ किंवा ७ असेल तरच जुलैच्या आधी की नंतर हे पाहायचे, बाकीच्या वर्षांत नाव एकच. गोव्याला घटकराज्याचा दर्जा ३० मे १९८७ला मिळाला. वर्ष सातचे, महिना जुलैच्या आधीचा, म्हणजे झैलसिंग. जुलै १९९१च्या अर्थसंकल्पाला फार विचार करावा लागत नाही, तेथे वेंकटरमण. स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव १५ ऑगस्ट १९९७चा, म्हणजे के. आर. नारायणन यांना पदावर येऊन तीनच आठवडे झाले होते. अमृतमहोत्सव १५ ऑगस्ट २०२२चा, तेव्हाही द्रौपदी मुर्मू यांना नेमके तीनच आठवडे झाले होते. हे साम्य माझ्या भाच्याच्या लक्षात आले ते कागदावर दोन बोटे ठेवून पाहताना. त्याच्याकडे वर्गातल्या नोट्सची जाडजूड फाईल होती, पण त्या फाईलमधून असे काही दिसणे शक्य नव्हते, असे तोच म्हणाला.

दुसरा दोष डावीकडच्या टोकाला आहे. डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा साडेचोवीस सेंटिमीटरचा पट्टा सलग छापला आहे, मध्ये एकही खूण नाही. मुदत पाच वर्षांची असताना बारा वर्षे कशी, असा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि त्याचे उत्तर त्या पट्ट्यावर दोन उभ्या रेघा मारून देता आले असते. २४ जानेवारी १९५०ला संविधान सभेने त्यांची बिनविरोध निवड केली आणि २६ जानेवारीला ते पदावर आले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर संसद आणि विधानसभा अस्तित्वात आल्यावर १९५२ची निवडणूक झाली आणि १३ मे १९५२ला पुन्हा शपथविधी झाला. १३ मे १९५७ला तिसऱ्यांदा. तीन तुकडे दाखवले असते तर पहिला तुकडा अपुरा का, याचेही उत्तर मुलांनी स्वतः शोधले असते. हा सलग पट्टा पाहून दोन मुलांना तर असे वाटले होते की सुरुवातीला राष्ट्रपतींची मुदतच बारा वर्षांची होती आणि ती पुढे कमी केली गेली.

याउलट १९८२च्या ऑक्टोबरपाशी छापणाऱ्यांनी दाखवलेली समज वाखाणण्यासारखी आहे. त्या महिन्यात झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेला गेले होते आणि त्यांची कामे उपराष्ट्रपती या नात्याने पुन्हा हिदायतुल्ला यांनीच पाहिली. कालरेषेत येथे झैलसिंग यांचा पट्टा तोडलेला नाही. त्याच्यावर एक छोटी तारका देऊन बाजूला एक ओळ लिहिली आहे. हे बरोबर आहे, कारण पद रिकामे होणे वेगळे आणि आजारपण किंवा अनुपस्थिती वेगळी. ६५व्या अनुच्छेदाचे पहिले कलम एकासाठी आहे आणि दुसरे दुसऱ्यासाठी. सरन्यायाधीश म्हणून एकदा आणि उपराष्ट्रपती म्हणून एकदा, अशा दोन वेगळ्या नात्यांनी एकाच व्यक्तीने हे काम केल्याचे हे एकमेव उदाहरण एका तारकेमुळे मुलांच्या ध्यानात राहिले.

पंतप्रधानांच्या मधल्या पट्टीबद्दल थोडक्यात सांगते. ती असावी, कारण तिच्यामुळे वरच्या पट्टीचा अर्थ अधिक कळतो: १९८७ ते १९९७ या दहा वर्षांत वर दोनच सारखे पट्टे आहेत आणि खाली तुकडेच तुकडे. वेंकटरमण यांच्या काळात राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर आणि नरसिंह राव असे चार पंतप्रधान होऊन गेले, डॉ. शंकरदयाळ शर्मा यांच्या काळात राव, वाजपेयी, देवेगौडा आणि गुजराल असे चार. स्थिर पद आणि अस्थिर सरकार एकमेकांखाली पाहिल्यावर राष्ट्रपतींच्या भूमिकेचे महत्त्व त्या दशकात का वाढले, हे समजावणे सोपे जाते. फक्त या पट्टीत पूर्ण तारखा न देता नुसती वर्षे दिली आहेत, आणि १९९६मधले तेरा दिवसांचे सरकार तर एक मिलिमीटरही भरत नसल्याने नुसत्या रेघेत हरवले आहे. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनी येथे तारखा हाताने लिहून घ्याव्यात.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो खालच्या कोऱ्या पट्टीचा. छापणाऱ्यांनी ती कशासाठी सोडली हे कागदावर कोठे सांगितलेले नाही, पण मी ती मुलांच्या स्वाधीन केली आणि घरून माहिती आणायला सांगितले. आमचा भाग कोयनेचा. येथे म्हाताऱ्या माणसांचे सालांचे हिशेब 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असेच चालतात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला त्याची खूण सर्वांत आधी झाली, आणि तिच्या वर झाकिर हुसेन यांचे नाव आले. एका मुलाची आजी म्हणाली होती, "भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात माझं लगीन झालं." आदला उन्हाळा म्हणजे त्याच वर्षाचा की त्याआधीच्या वर्षाचा, हे विचारायला तो मुलगा घरी परत गेला, कारण १९६७च्या मे महिन्यात तेरा तारखेला राष्ट्रपती बदलले होते आणि त्याला नक्की नाव हवे होते. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला की लग्न अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, पण भूकंपाच्या दीड वर्ष आधी लागले होते, म्हणजे १९६६, म्हणजे डॉ. राधाकृष्णन. एवढ्या काटेकोरपणे कार्यकाळाचा विचार माझ्या वर्गात यापूर्वी कोणी केलेला मला आठवत नाही.

मग पट्टी भरत गेली. १ मे १९६०ची महाराष्ट्राची स्थापना, १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर आणि १९ डिसेंबर १९६१ची गोव्याची मुक्ती, ही तिन्ही राजेंद्र प्रसादांच्या पट्ट्याखाली आली. १९७२चा दुष्काळ गिरी यांच्या काळातला. खडीच्या कामावर गेलेल्या आज्यांच्या आठवणी तीन मुलांनी आणल्या. ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप डॉ. शंकरदयाळ शर्मा यांच्या काळातला. त्याच्या काही वर्षे आधी ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, त्यामुळे शर्मा यांचे नाव मुलांच्या लक्षात दोन्ही बाजूंनी पक्के झाले. २६ नोव्हेंबर २००८चा मुंबईवरचा हल्ला जळगावच्या प्रतिभाताईंच्या कारकिर्दीतला आणि ३ ऑक्टोबर २०२४चा मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय मुर्मू यांच्या. वर्षाच्या शेवटी मी मुलांना राष्ट्रपतींची यादी म्हणायला सांगितलीच नाही. एखाद्या घटनेची तारीख सांगायची आणि नाव विचारायचे, एवढेच केले. ३९ मुलांच्या वर्गात ३१ जणांची दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली. त्याआधीच्या वर्षी, चौकटींच्या तक्त्यावर, याच प्रकारच्या चाचणीत एवढे गुण मिळवणारी मुले अकरा होती.

आता कागद आणि छपाई. कागद चकचकीत आर्टपेपर आहे, तो पाठीमागून कशाने मढवलेला नाही. घड्या दर वीस सेंटिमीटरवर, म्हणजे दर दहा वर्षांवर पडतात, आणि त्यांतली १९७०ची घडी गिरी यांच्या शपथविधीपासून जेमतेम सात मिलिमीटरवर येते. चार महिन्यांत त्या घडीवरची शाई पांढरी पडू लागली आणि ज्या दोन मिलिमीटरसाठी ही कालरेषा घ्यावी, तेच मिटण्याच्या बेतात आले. आमच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात एवढ्या लांबीचे लॅमिनेशन होत नाही, म्हणून शेवटी मी ती जुन्या धोतराच्या कापडावर खळीने चिकटवून घेतली आणि वर-खाली लाकडी पट्ट्या लावून गुंडाळीची केली. ज्यांना शक्य आहे त्यांनी घेतल्याच दिवशी हे करून टाकावे. अक्षरे जवळून वाचायला उत्तम आहेत, पण भिंतीवर लावून पूर्ण वर्गाने वाचावीत एवढी मोठी नाहीत. पाच-सहा जणांच्या गटाने बाकावर पसरून वापरण्याची ही वस्तू आहे. नावांचे लेखन एकसारखे नाही, एका ठिकाणी 'फखरुद्दीन' आणि दुसऱ्या ठिकाणी 'फक्रुद्दीन' असे आहे, आणि शुद्धलेखनाच्या आणखी दोन-तीन चुका आहेत, ज्या मुलांच्या हातात देण्याच्या वस्तूत नसायला हव्या होत्या.

रंगांबद्दल, राजेंद्र प्रसादांच्या पट्ट्याबद्दल आणि घडीबद्दल मी छापणाऱ्यांना सविस्तर पत्र पाठवले, सोबत आमच्या दुरुस्त केलेल्या पट्टीचे छायाचित्रही जोडले. दोन महिन्यांनी त्यांचे पोस्टकार्ड आले. पुढच्या आवृत्तीत कार्यवाहक राष्ट्रपतींचे तुकडे रेघांनी भरू, असे त्यांनी लिहिले आहे, बाकी दोन गोष्टींबद्दल काही नाही. ती आवृत्ती निघाली की नाही हे मला अजून कळलेले नाही.

या दोषांसकट २२० रुपये मला वाजवी वाटतात आणि शाळेसाठी आणखी दोन प्रती घ्याव्यात असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे. घरी एकट्याने परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल, मात्र त्याने पहिल्या दिवशी काळे पेन घेऊन वर सांगितलेले तीन तुकडे रेघांनी भरावेत आणि डावीकडच्या पट्ट्यावर १३ मे १९५२ आणि १३ मे १९५७ अशा दोन उभ्या रेघा माराव्यात. दुकानात प्रत हातात घेतली की आधी १९७०ची घडी उघडून तिच्या डावीकडचा एक सेंटिमीटर उजेडात धरून पाहावा. काही प्रतींत छपाईचे रंग थोडे सरकलेले आहेत, आणि अशा प्रतीत दोन हिरव्या तुकड्यांमधली ती पिवळी रेघ मुळीच उमटलेली नाही. तशी प्रत असेल तर बदलून मागावी.